अँटी-एचबीएस 6 आलंय, म्हणजे कावीळ झाली का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत. आता रिपोर्टमध्ये एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी टोटल निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस 6 आलंय. आई जाम घाबरलीये.

उत्तर : अगं, आईला आधी सांग की एचबीएसएजी निगेटिव्ह आहे म्हणजे आत्ता इन्फेक्शन दिसत नाहीये, आणि अँटी-एचबीसी पण निगेटिव्ह म्हणजे पूर्वीही होऊन गेल्याची खूण नाही. राहिला तो 6 चा आकडा, ती लसीने तयार झालेली अँटीबॉडी, 10 किंवा वर असली की संरक्षण आहे असं धरतात, पण लहानपणी लस घेतलेल्यांमध्ये इतक्या वर्षांनी ती खाली येणं अगदी कॉमन आहे, आणि शरीराला लसीची आठवण बहुतेकदा असतेच. घरी बसणाऱ्याला मी काहीच करू नका म्हटलं असतं. तुझं तसं नाही, तुझा रोज सुयांशी संबंध येणार. म्हणून डॉक्टरांना विचारून एक बूस्टर घे आणि एक-दोन महिन्यांनी फक्त अँटी-एचबीएस परत कर, तरी 10 च्या खालीच राहिलं तर उरलेले दोन डोस घेऊन कोर्स पूर्ण करायचा. तोवर वॉर्डात सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धू आणि लगेच सिस्टरांना सांग, ओरडतील म्हणून लपवू नकोस हं.