सजा भोगून आलात, तरी मत तुमचंच आहे

प्रश्न : बांधावरून झालेल्या मारामारीत मला पाच वर्षांची सजा लागली. ती भोगून गेल्या वर्षी कळंबा कारागृहातून सुटलो. मतदार यादीत नाव सापडेना म्हणून तहसील कार्यालयात गेलो, तर ‘सजा झालेल्याला सहा वर्षं मतदान करता येत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं. हक्क परत मिळवायला कोर्टात जावं लागेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : कोर्टात जायचं कारण नाही. तुमचा हक्क गेलेलाच नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) प्रमाणे माणूस तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत आहे तेवढ्या काळापुरतीच मतदानाला मनाई असते. सुटलात त्या दिवशी ती संपली. अपील चालू असताना जामिनावर बाहेर असलेल्यालाही मत देता येतं. उलट, गुन्हा सिद्ध न झालेला कच्चा कैदी केवळ आत असल्यामुळे मताला मुकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ही तरतूद वैध ठरवली. मला ती आजही अन्यायाची वाटते.

तुम्हाला सांगितलेली सहा वर्षं बहुधा कलम ८ मधली आहेत. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त सजा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं आमदारकी-खासदारकीची निवडणूक लढवता येत नाही. लढवता येत नाही, मत देता येतं. मतदानालाच सहा वर्षं बंदी घालणारं कलम ११-अ वेगळं आहे. मतासाठी पैसे वाटणं, बोगस मतदान अशा निवडणुकीच्या गुन्ह्यांत शिक्षा झाली तरच ते लागतं, आणि ती बंदीही निवडणूक आयोग उठवू शकतो. बांधाच्या भांडणाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता यादीतल्या नावाचं. बऱ्याचदा बीएलओ (मतदान केंद्राची यादी तपासणारे कर्मचारी) घरी येतात, माणूस दिसत नाही आणि ‘स्थलांतरित’ म्हणून नाव वगळलं जातं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर ते चूक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० हा वेगळा कायदा आहे; त्याचं कलम २० सांगतं की तुरुंगात ठेवलेला माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर राहिल्याने गावचा रहिवास तुटत नाही. या कारणावरून नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी देणंही बंधनकारक आहे.

तरीही जुन्या वगळणीवर भांडत बसू नका. नमुना ६ भरून नाव नव्याने घाला. त्यात वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. खाली सही करायची ती नागरिकत्व, रहिवास आणि दुसरीकडे नाव नसल्याच्या घोषणेवर. सजेचा रकाना त्यात नाही, तेव्हा सुटकेचा दाखला जोडायची गरज नाही. गावात पुन्हा तोच विषय निघेल अशी धास्ती असेल तर अर्ज ऑनलाइन करा. कागदावर दिलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

अर्ज नाकारलाच तर कारणासह लेखी आदेश मागा. त्यावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आणि हे सगळं आत्ताच करा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही, आणि यादीत नाव नसेल तर जुनं मतदार ओळखपत्र दाखवूनही केंद्रावर मतदान करू देत नाहीत.