कारण न सांगता शिकवलेली कामं

प्रश्न : ताई, मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. पोर्तुगालमधल्या बेल्मॉन्त गावात काही ज्यू कुटुंबं कित्येक शतकं वरवर कॅथलिक म्हणून राहिली आणि त्यांचा धर्म घरातल्या बायकांनी जपला, असं वाचनात आलं. पण लहान मुलींना काही सांगायचंच नाही असा नियम असेल, तर ओळख पुढच्या पिढीत गेली कशी? मोठेपणी अचानक कळल्यावर त्या मुलीचं काय होत असेल? प्रबंधाला हा विषय घ्यावा का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : विषय जरूर घे. ओळख पुढे गेली ती कामातून. मुलीला कामं शिकवली गेली, त्यांचं कारण मात्र हातचं राखून ठेवलं गेलं.

आधी बायकाच का, ते बघ. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं तेव्हा हजारो लोक शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. १४९७ मध्ये तिथेही सक्तीचा बाप्तिस्मा झाला आणि १५३६ मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनागृहं, गेली, हिब्रू पुस्तकं गेली, रब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, गेले. मुलाची सुंता करणं म्हणजे त्याच्या अंगावर पुरावा कोरून ठेवणं. पुरुषांच्या हातात जो धर्म होता तो असा आधी संपला. उरलं ते घर, आणि घर बायकांच्या ताब्यात होतं.

त्या घरात काय चालायचं? शुक्रवारी झाडलोट, धुतलेल्या चादरी, अंधार पडायच्या आत लावलेला आणि बाहेरून दिसू नये असा झाकलेला दिवा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून शनिवारचं जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवायचं. मांसावरची चरबी काढून टाकायची, डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हचं तेल वापरायचं. स्पेनमधल्या खटल्यांच्या कागदपत्रांत हेच तपशील पुन्हा पुन्हा येतात आणि बरेचदा ते सांगणारी घरातलीच मोलकरीण असते. म्हणजे आई चादर बदलत होती तेव्हा जीव धोक्यात घालत होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता या घरात वाढणारी सहा-सात वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आण. तिला सांगणं शक्यच नव्हतं. मूल बोलून जातं, आणि एक माणूस सापडला की त्याच्या तोंडून अख्खं घर वदवून घेतलं जायचं. मेक्सिकोतल्या काराबाखाल कुटुंबात आधी एक विधवा मुलगी, इसाबेल, पकडली गेली. पुढे १५९६ मध्ये तिची आई फ्रान्सिस्का, भाऊ लुईस, बहिणी कातालीना आणि लिओनोर, आणि ती स्वतः, असे पाचही जण एकाच दिवशी मारले गेले. आपल्या शेजारी गोव्यातही हे न्यायालय होतं. तिथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला जाळण्यात आलं. १५८० मध्ये तर खुद्द गार्सियांचे अवशेष उकरून काढून जाळले. मेलेल्यालाही सोडत नसतील, तर आईने मुलीपाशी तोंड कसं उघडावं?

म्हणून मुलगी नुसतं बघून शिकायची. 'आपल्यात असंच करतात' एवढंच उत्तर. जाणती झाल्यावर, बऱ्याच घरांत बारा-तेराव्या वर्षाच्या पुढे, आई किंवा आजी तिला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायची. कुणाला सांगायचं हेही आजीच ठरवायची. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा मानसशास्त्रीय गाभा इथे आहे. गुपित म्हणजे ओझं, हे आपण समुपदेशक धरूनच चालतो. पण निवडून सांगितलेलं गुपित मान देतं. 'तुझ्यावर माझा विश्वास आहे' हे त्या मुलीला इतक्या ठामपणे दुसऱ्या कुणी कधी सांगितलं असेल?

बाहेर मात्र तिला रोज दोन आयुष्यं जगायची होती. बेल्मॉन्तमध्ये चर्चच्या दारातून आत जाताना मनातल्या मनात म्हणायची एक छोटी प्रार्थना होती. तिचा आशय असा, की मी या घरात शिरते आहे, पण लाकडाला आणि दगडाला पूजत नाही, फक्त सगळ्यांवर सत्ता चालवणाऱ्या देवाला पूजते. दोन आयुष्यांच्या मधला उंबरठा त्यांनी असा शब्दांनी आखून घेतला होता. त्यांची लाडकी नायिकाही बघ : बायबलमधली राणी एस्तेर, जी आपला वंश राजापासून लपवते आणि त्याच बळावर आपल्या लोकांना वाचवते. तिच्या नावाने बायका कडक उपास करायच्या. लपणं हा भित्रेपणा नाही, हे मनाला पटवायला त्यांना ती पुरेशी होती.

पोर्तुगालमधलं इन्क्विझिशन १८२१ मध्येच बंद झालं, तरी बेल्मॉन्तमधली गुप्तता पुढे दीडशेहून जास्त वर्षं चालली. प्रबंधात यावर मुक्काम कर. भीतीचं कारण संपलं होतं, पण तोवर लपून करणं हाच विधीचा भाग झाला होता. १९१७ मध्ये सॅम्युएल श्वार्झ हा पोलंडचा ज्यू खाण-इंजिनिअर त्यांना भेटला आणि 'मीही ज्यू आहे' म्हणाला, तर कुणी विश्वास ठेवेना. जगात आपल्याशिवाय ज्यू उरलेत, हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने त्याला प्रार्थना म्हणायला लावली. त्याने 'शेमा' ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हटली. तीत 'अदोनाय' हे देवाचं नाव येताच बायकांनी डोळे झाकून घेतले आणि म्हातारीने निर्वाळा दिला : हा खराच ज्यू. निर्वाळा आजीने दिला, गावातल्या कुठल्या पुरुषाने नव्हे.

आता अचानक कळण्याबद्दल. अमेरिकेच्या नैऋत्य भागात अशा कुळांतल्या वंशजांच्या मुलाखती समाजशास्त्रज्ञ जॅनेट लीबमन जेकब्ज यांनी घेतल्या आहेत. तिथेही वारसा सांगणाऱ्या बहुतेक आया-आज्याच आहेत. कौटुंबिक गुपित उशिरा कळलेल्या बायका माझ्याकडेही येतात, गुपितं वेगळी असतात एवढंच. त्यांच्यात सुरुवातीला मला राग किंवा आनंद दिसत नाही, उलटतपासणी दिसते. बाई जुन्या आठवणी एकेक करून काढते आणि नव्या कारणाशी लावून बघते. आजी तसं का म्हणाली होती? आई त्या दिवशी का दचकली? राग नंतर येतो, आणि तो सहसा आईवर येतो.

याच उलटतपासणीत एक धोकाही आहे. हवा तो अर्थ प्रत्येक आठवणीत सापडायला लागतो. न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्यातल्या 'आमचे पूर्वज लपलेले ज्यू होते' अशा दाव्यांवर लोकसाहित्याच्या अभ्यासक जुडिथ न्यूलँडर यांनी कडक टीका केली आहे. त्यांच्या मते यातल्या काही चालीरीती शनिवार पाळणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथांकडून आलेल्या आहेत. वाद अजून मिटलेला नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं : एका रीतीवरून वंश सिद्ध होत नाही, पण त्या बाईची ओढ खोटी ठरवायचा अधिकारही कुणाला मिळत नाही.

आणि मोकळीक मिळाल्यावर? बेल्मॉन्तमध्ये १९९६ साली सिनेगॉग उभं राहिलं. बाहेरून रब्बी आले, हिब्रू प्रार्थना आल्या, पुरुष पुढे बसले. पोर्तुगीज प्रार्थना तोंडपाठ असलेल्या, वल्हांडण या ज्यू सणाची बेखमीर भाकर पांढरे कपडे घालून स्वतः भाजणाऱ्या बायका मागे गेल्या. काही म्हाताऱ्या बायकांनी घरातले जुने विधी सोडले नाहीत. त्यांना अडाणी किंवा हट्टी म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. शतकानुशतकं जे पद त्यांच्याकडे होतं ते गेलं, आणि त्याबद्दल दुःख करायची सोयही त्यांना कुणी ठेवली नाही, कारण बाकी सगळे आनंदात होते.

मुलाखती घेशील तेव्हा 'तुम्ही ज्यू आहात हे कधी कळलं?' या प्रश्नाने सुरुवात करू नकोस. त्याला पाठ झालेलं उत्तर मिळतं. घरातलं कोणतं काम कुणी शिकवलं, कोणतं काम भावाला करू दिलं जात नव्हतं, आणि आता ते काम कोण करतं, हे विचार.