‘रिलीफ पिचर’ म्हणजे ‘दिलासा गोलंदाज’ नव्हे

प्रश्न असा आहे: बेसबॉलच्या एका मराठी वृत्तांतात रिलीफ पिचरसाठी, म्हणजे चालू सामन्यात आधीच्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागी येणाऱ्यासाठी, ‘दिलासा गोलंदाज’ असा शब्द वाचला, तो बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावं? क्लोजर, सेव्ह, ब्लोन सेव्ह, बुलपेन यांना मराठी शब्द आहेत का? आणि या खेळाडूंच्या मनःस्थितीबद्दल लिहिताना ‘दबाव’ लिहावं, ‘ताण’ की ‘दडपण’?

‘दिलासा’ चूकच आहे. इंग्रजीतल्या ‘रिलीफ’ला दोन अर्थ आहेत. एक सुटकेचा, म्हणजे दुखणं थांबलं की वाटतो तो. दुसरा पहाऱ्याचा: एका पहारेकऱ्याची वेळ संपली की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. बेसबॉलमध्ये हा दुसरा अर्थ आला. स्पॅनिशमध्ये हा घोळ होत नाही. तिथे अशा पिचरला ‘रेलेविस्ता’ म्हणतात आणि ‘रेलेवो’ म्हणजे पाळीबदल. आपल्याकडेही हा अर्थ रोजच्या बोलण्यात आहेच. ‘रिलीव्हर आला नाही, म्हणून डबल ड्यूटी पडली’ हे वॉचमन, नर्स, ड्रायव्हर सगळे म्हणतात. त्यात दिलाशाचा काही संबंध नसतो.

म्हणून माझी पसंती ‘बदली पिचर’ला. हा शब्द पारिभाषिक कोशातून उचललेला नाही, गिरणगावातला आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतला बदली कामगार सकाळी गिरणीच्या दाराशी हजर व्हायचा. कायम कामगार आला नसेल तर त्या दिवशी काम, नाहीतर घरी परत. रिलीफ पिचरच्या मनावर सगळ्यात जास्त भार असतो तो याच गोष्टीचा. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, मोसमात १६२ सामने असतात आणि आज आपल्याला फेकायचं आहे की नाही हे त्याला सामना सुरू झाल्यावरही ठाऊक नसतं. सुरुवातीच्या पिचरला आपला दिवस आधी माहीत असतो, त्याप्रमाणे तो जेवण, झोप, व्यायाम आखतो. बदली पिचर मात्र रोज अर्धा तयार राहतो. ‘पिचर’ला ‘गोलंदाज’ करू नये असंही मला वाटतं. गोलंदाजाने वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करत फेक केली तर तो नोबॉल, आणि पिचरचं तर कामच फेकणं.

या कामातली खरी अडचण समजायला ‘इनहेरिटेड रनर्स’ हा शब्द पाहावा लागतो. आधीच्या पिचरने बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, सोडलेले धावपटू नव्या पिचरच्या वाट्याला येतात. काही ठिकाणी ‘वारशाचे धावपटू’ असं वाचायला मिळतं, पण मराठीत वारसा अभिमानाने सांगायचा असतो. ‘पदरी आलेले धावपटू’ म्हटलं की ते आपण ओढवून घेतलेले नाहीत हेही कळतं. नियम असा की हे धावपटू घरी पोचले, म्हणजे त्यांची धाव पूर्ण झाली, तर धावा आधीच्या पिचरच्या खात्यावर जातात. म्हणजे बेस भरलेले असताना आलेल्या पिचरने तिघांनाही घरी जाऊ दिलं आणि स्वतःच्या खात्यावर एकही धाव येऊ दिली नाही, तर त्याची ‘ईआरए’, म्हणजे नऊ डावांमागे (एका पूर्ण सामन्यामागे) पडणाऱ्या धावांची सरासरी, वाढत नाही. आकडा स्वच्छ, पण ज्याच्या धावा वाढल्या तो सहकारी त्याच खोलीत बसलेला असतो.

उलट बाजूही निर्दय आहे. बदली पिचर मोसमात साधारण ६० डाव फेकतो असं धरू. त्याच्या नावावर १५ धावा असतील तर सरासरी २.२५. एका वाईट रात्री एकही बळी न घेता पाच धावा गेल्या की ती थेट ३.०० होते. १८० डाव फेकणाऱ्या सुरुवातीच्या पिचरची तेवढीच सरासरी त्याच पाच धावांनी फक्त २.५० पर्यंत चढते. अशा एका रात्रीनंतर खालच्या लीगमध्ये रवानगी होण्याची भीती अनेकांना असते, आणि ती पोकळ नसते.

आता ‘सेव्ह’, म्हणजे शेवटी येऊन आघाडी टिकवणाऱ्या पिचरच्या नावावर होणारी नोंद. ‘वाचवणं’ हा शब्द बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचा आहे. इथे संघ आघाडीवर असतो आणि ती आघाडी हातची जाऊ द्यायची नसते, म्हणून ‘राखणं’. मेजर लीगने १९६९ पासून ही नोंद अधिकृत केली. पिचर जिंकलेल्या संघाचा शेवटचा हवा आणि विजय त्याच्या स्वतःच्या नावावर नको. शिवाय तीनपैकी एक अट: तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन निदान एक पूर्ण डाव फेकणं; बरोबरीची धाव बेसवर, फलंदाजीला किंवा त्यामागच्या फलंदाजाच्या रूपात तयार असताना येणं; किंवा निदान तीन डाव नीट फेकणं. याला ‘राखण’ म्हणावं आणि ती करणाऱ्या, सामना संपवायला येणाऱ्या क्लोजरला ‘राखणदार’. कोकणात आणि गोव्यात गावाच्या वेशीवरच्या रक्षक देवाला राखणदार म्हणतात. जपानीत क्लोजरला ‘शुगोशिन’ म्हणतात, म्हणजे रक्षण करणारा देव! दोन भाषा इतक्या सहज एकाच प्रतिमेवर पोचल्या असताना ‘समापक’सारखा शब्द घडवण्याची काय गरज?

‘ब्लोन सेव्ह’ला ‘राखण हुकली’. न्यूयॉर्क यँकीजचा राखणदार मारियानो रिवेराच्या नावावर ६५२ राखणी आहेत आणि २०१९ मध्ये तो एकमताने हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. त्याच्याही नियमित मोसमांतल्या ८० राखणी हुकल्या, आणि २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, सातव्या सामन्यात नवव्या डावात २-१ ची आघाडीही त्याच्याच हातून गेली. वृत्तांत लिहिताना एक काळजी घ्यावी. सातव्या डावात आलेल्या पिचरने आघाडी गमावली तरी नोंद ‘ब्लोन सेव्ह’चीच होते, खरं तर शेवटपर्यंत फेकायला त्याला कुणी ठेवणारच नव्हतं. त्याच्याबद्दल ‘आघाडी गमावली’ एवढंच लिहावं. राखणदाराची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

‘बुलपेन’, म्हणजे बदली पिचर बसतात आणि तयारी करतात ती जागा, तसाच ठेवावा. त्याच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही, त्यामुळे ‘बैलांचा गोठा’ करण्यात अर्थ नाही. तिथे फोन वाजतो, नाव सांगितलं जातं आणि पिचर उठून हात गरम करतो. पंधरा-वीस फेकी होतात, तोवर मैदानावरचा प्रसंग टळतो आणि तो पुन्हा खाली बसतो. असं एका रात्री दोनदा झालं तर खांद्यावर भार पडतो, पण धावफलकावर त्याचं नावही नसतं. मैदानात आल्यावर सरावाच्या फेकींना मोजकाच वेळ मिळतो. २०२० पासून त्याने निदान तीन फलंदाजांना सामोरं जायचं किंवा तो अर्धा डाव (एका संघाची फलंदाजीची पाळी) संपवायचा. म्हणजे पहिल्याच फलंदाजाला हात साथ देत नाही हे कळलं, तरी दुखापत झाल्याशिवाय सुटका नाही.

आता दबाव, ताण की दडपण. ‘दबाव’ दुसरा कुणी आणतो: मालक, प्रेक्षक, बातमीदार. ‘ताण’ ओढला गेल्याचा असतो, म्हणून तो मनालाही चालतो आणि खांद्यालाही. रोज अर्धं तयार राहण्याचा तो ताण. ‘दडपण’ वजनाखाली सापडल्यासारखं असतं, आणि नवव्या डावात एका धावेच्या आघाडीवर येणाऱ्याला हाच शब्द लागू पडतो. दडपणात श्वास वर चढतो, पकड घट्ट होते, चेंडू उशिरा सुटतो आणि खाली जातो, किंवा घाईने सुटून वर राहतो. उपाय साधा शिकवतात: रबरच्या (पिचर ज्यावर पाय ठेवून फेकतो त्या पट्टीच्या) मागे उतरायचं, कुंपणावरच्या एका ठरावीक खुणेकडे पाहायचं, लांब श्वास सोडायचा, फक्त पुढच्या फेकीची जागा ठरवायची. पण प्रत्येक फेकीसाठी घड्याळ चालू असतं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असेल तर २०२४ पासून १८. धावपटू असताना एका फलंदाजामागे दोनदाच रबर सोडता येतं. तिसऱ्यांदा सोडून धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस मिळतो.

याच्या पलीकडचा शब्द ‘यिप्स’: हजारो वेळा केलेली फेक अचानक जमेनाशी होणं. ‘हात आखडणं’ म्हणू नये, त्यात कंजूषपणाची छटा येते. ‘हात गळणं’ही नको, ती निराशा आहे. बॉस्टनचा पिचर डॅनियल बार्डचं असंच झालं. २०१२ मध्ये फेकीवरचा ताबा गेला, २०१७ मध्ये त्याने निवृत्ती घेतली, २०२० मध्ये कोलोरॅडोकडून परतला, २०२२ मध्ये ३४ राखणी केल्या. २०२३ च्या सुरुवातीला चिंतेच्या त्रासामुळे तो दुखापतग्रस्तांच्या यादीत गेला आणि ते कारण उघड सांगितलं गेलं. त्याच्याविषयी ‘दबावाखाली कोसळला’ असं लिहिणं चुकीचं ठरेल. ‘फेक हातून सुटेना’ असं साधं लिहावं, आणि कारण म्हणून चिंतेचा त्रास, जसं सांगितलं गेलं तसंच, लिहावं.