फेडरल एजंट व्हायचे असेल, तर कॉलेजात असतानाच काय करावे?

आपला मुलगा न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला एफबीआयसारख्या केंद्रीय तपास संस्थेत जायचे आहे, आणि त्यासाठी त्याने क्रिमिनल जस्टिस हा विषय घ्यावा का व पदवी मिळेपर्यंत आणखी कोणती तयारी करावी, असे आपण विचारले आहे. मी वयाच्या बाराव्या वर्षी आई-वडिलांबरोबर पुण्याहून अमेरिकेत आलो, कॉलेजात अकाउंटिंग शिकलो आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याच्या, गुन्हे अन्वेषण शाखेत स्पेशल एजंट म्हणून २२ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. भरतीच्या अटी अधूनमधून बदलत असल्यामुळे अर्ज करण्याच्या वेळी मूळ जाहिरात मात्र अवश्य वाचावी.

सर्वांत आधी नागरिकत्वाचे पाहावे. या नोकऱ्या अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. ग्रीन कार्डावर भागत नाही, आणि एच-४ (अवलंबितांच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असलेल्या मुलाला ही वाट तूर्त बंदच असते. मुलगा १८ वर्षांचा होण्यापूर्वी आपण नागरिक झाला असाल, आणि तो त्या वेळी ग्रीन कार्डधारक म्हणून आपल्याजवळ राहत असेल, तर तो कायद्याने आपोआप नागरिक झालेला असतो. तरीही त्याचा पासपोर्ट आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. सिलेक्टिव्ह सर्व्हिसमधील, म्हणजे सक्तीच्या लष्करी भरतीसाठीच्या यादीतील, त्याची नोंदणी झाली आहे का, हेही त्याच बैठकीत तपासावे, कारण वयाची २६ वर्षे पूर्ण झाल्यावर ती करता येत नाही आणि तिच्याअभावी केंद्र सरकारची नोकरी अडते.

क्रिमिनल जस्टिस घेण्यास हरकत काहीच नाही, पण तो विषय घेतला म्हणजे दार उघडले, हा समज चुकीचा आहे. एफबीआयला वर्षानुवर्षे हिशेब जाणणारे, वकील, संगणकतज्ज्ञ, अभियंते आणि परकीय भाषा जाणणारे लोक हवे असतात. माझ्या शाखेत तर नियमच असा होता, की पदवीत अकाउंटिंगचे किमान १५ क्रेडिट आणि त्याशिवाय वित्त, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, करकायदा किंवा बँकिंग यांपैकी विषयांचे ९ क्रेडिट असलेच पाहिजेत. अल कपोनला १९३१ साली ११ वर्षांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीसाठी, आणि तो खटला उभा राहिला तो हिशेबाच्या वह्यांवर, ही गोष्ट आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकावी लागे. मुलाला क्रिमिनल जस्टिसची खरी आवड असेल तर त्याने तो अवश्य शिकावा, परंतु जोडीला अकाउंटिंगचे ते १५ क्रेडिट करावेत. एफबीआयचे जमले नाही तरी त्या बळावर दुसऱ्या संस्थांची दारे खुली राहतात. सीक्रेट सर्व्हिस, अमली पदार्थविरोधी संस्था डीईए, टपाल खात्याची तपास शाखा, परराष्ट्र खात्याची डिप्लोमॅटिक सिक्युरिटी सर्व्हिस आणि जवळपास प्रत्येक मोठ्या खात्यातील गैरप्रकार तपासणारे इन्स्पेक्टर जनरलचे कार्यालय, या सगळ्यांकडे तपास अधिकारी असतात, आणि यांतल्या निम्म्या संस्थांची नावे कॉलेजातल्या मुलांना ठाऊकही नसतात.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे, ती पदवीशी फारशी संबंधित नाही. उमेदवाराची निवड होत आली की त्याच्या हाती एसएफ-८६ नावाचा पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म येतो, आणि माझ्या पाहण्यातले बरेच हुशार उमेदवार परीक्षेत नव्हे, तर या फॉर्मपाशी अडखळले. गेल्या १० वर्षांत तुम्ही कोठे कोठे राहिलात, कोठे काम केलेत, तेथे तुमचा वरिष्ठ कोण होता, मधल्या रिकाम्या महिन्यांत काय करत होतात, गेल्या ७ वर्षांत परदेशी कधी गेलात आणि तेथील कोणाशी जवळचा किंवा नियमित संपर्क आहे, हे सर्व त्यात तारखांसह भरावे लागते. अलीकडच्या ३ वर्षांतील प्रत्येक पत्त्यासाठी तुम्हाला तेथे ओळखणाऱ्या माणसाचे नाव द्यावे लागते. मी स्वतः कॉलेजच्या एका उन्हाळ्यात एका मित्राच्या मित्राची खोली दहा आठवडे भाड्याने घेतली होती. पुढे त्या घराचा क्रमांक आणि त्या सोबत्याचे आडनाव शोधण्यात माझा महिना गेला. आपल्या मुलाने आजच एक वही घालावी आणि प्रत्येक पत्ता, नोकरी, वरिष्ठ, प्रवास त्यात तारीखवार लिहीत जावे.

आपल्या मराठी घरांत या फॉर्मला आणखी काही पदर फुटतात. त्यात आई-वडिलांची जन्मतारीख आणि त्यांची आधीची नावे विचारतात. माझ्या वडिलांचा जन्म श्रावणातला, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि तीच पासपोर्टवर आली; आईचे लग्नात केवळ आडनाव नव्हे, तर पाळण्यातले नावही बदललेले. यात लपवण्यासारखे काही नव्हते, फक्त कागदोपत्री काय आहे आणि ते तसे का आहे, हे सरळ वाक्यात लिहून द्यावे लागले. तपास अधिकाऱ्याने ते टिपून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. भारतातील आजी-आजोबा, काका, मामा हे थेट नातेवाइकांच्या रकान्यात येत नाहीत, परंतु दर रविवारी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल होत असेल, तर परदेशी संपर्क म्हणून त्यांची माहिती द्यावी लागते. परदेशात नातलग असणे हा दोष मानला जात नाही. ते दडवणे हा मात्र दोषच मानला जातो, आणि सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

या बाबतीत मुलापेक्षा पालकांचीच जबाबदारी मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. पुण्यातल्या फ्लॅटवर सहमालक म्हणून मुलाचे नाव लावले आहे का, आजीने कौतुकाने नातवाच्या नावे मुदत ठेव ठेवली आहे का, एखाद्या बँक खात्यात त्याचे नाव जोडले आहे का, हे त्याला सांगून टाकावे. परदेशातील सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात कोणत्याही दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि आपल्या नावावर असे काही आहे हेच ज्याला माहीत नाही, तो तो भरणार कसा? माझ्या नोकरीत समोरच्या खुर्चीवर बसलेल्या काही सज्जन भारतीय गृहस्थांचा पाय नेमका येथेच घसरलेला मी पाहिला आहे.

गांजाचा विषयही घरात उघड बोलावा. न्यू जर्सीत तो २०२१ पासून प्रौढांसाठी कायदेशीर आहे, पण केंद्राच्या कायद्यात नाही, आणि मुलाला नोकरी केंद्राची हवी आहे. एफबीआयने अर्जापूर्वीच्या एका वर्षाची मर्यादा घातलेली आहे, तर इतर अमली पदार्थांसाठी ती १० वर्षांची आहे. दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेली औषधाची गोळी परीक्षेच्या रात्री जागण्यासाठी घेतली, तरी तोही गैरवापरच धरला जातो. कॉलेजातल्या मुलांच्या हे गावीही नसते. विद्यार्थी कर्जाचे हप्ते थकवून डिफॉल्ट होऊ देऊ नये. पुढे पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची चाचणी, होते, तिच्या युक्त्या सांगणाऱ्यांच्या नादी लागू नये.

अभ्यासक्रमात लेखनाला जागा द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रपटात एजंट धावताना दिसतो. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक दिवस अहवाल, जबानीची टिपणे आणि झडतीच्या वॉरंटसाठीची शपथपत्रे लिहिण्यात जातो, आणि त्यातले एक सैल वाक्य दोन वर्षांनी बचाव पक्षाचा वकील कोर्टात मोठ्याने वाचून दाखवतो. फेडरल कोर्टाचे कामकाज कोणालाही पाहता येते. आपल्या मुलाला न्यूअर्क, ट्रेंटन किंवा कॅम्डेन यांपैकी जे जवळ असेल तेथे कॉलेजच्या सुट्टीत दोन-तीनदा पाठवा आणि साक्ष देणाऱ्या एजंटची उलटतपासणी पूर्ण ऐकायला सांगा. ती ऐकून कंटाळा आला, तर हे क्षेत्र आपले नाही, हे त्याला दुसऱ्याच वर्षी कळेल.

शरीराची तयारी नियमित धावण्याने होते. दीड मैल वेगात धावणे, ३०० मीटरची दौड आणि जोर हे प्रकार एफबीआयच्या चाचणीत वर्षानुवर्षे आहेत, आणि ते शेवटच्या तीन महिन्यांत जमत नाहीत.

पदवी मिळताच एफबीआयचा एजंट होता येईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तेथे किमान वय २३ आहे आणि पदवीनंतर साधारण २ वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव मागतात; वरची मर्यादा अशी, की सदतिसावा वाढदिवस येण्यापूर्वी नेमणूक व्हावी, कारण २० वर्षांची सेवा भरून ५७ व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागते. त्यामुळे पहिली नोकरी विचारपूर्वक निवडावी. बँकेच्या मनी लाँडरिंगविरोधी विभागात संशयास्पद व्यवहारांचे अहवाल लिहिणारा मुलगा, किंवा स्थानिक पोलीस दलात दोन वर्षे गस्त घातलेला मुलगा, निवड समितीसमोर बसतो तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी असते. अर्जापासून नेमणुकीपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जाते, म्हणून हातची नोकरी आधीच सोडू नये. शेवटी, पहिली नेमणूक देशात कोठेही होऊ शकते आणि त्याला लेखी संमती द्यावी लागते; मुलगा न्यू जर्सीतच आपल्या जवळ राहील, असे गृहीत धरून घर घेण्याचा विचार चालू असेल, तर तो तूर्त थांबवावा.