व्हरमाँटमधली पहिली बाग
अहो, घर घेतलंत, अभिनंदन! पण एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून लगेच टोमॅटो लावू नका. इथे अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मे संपत आला तरी दंव पडतं, आणि काळी पडलेली रोपं पुन्हा उभी राहत नाहीत. मेथी-कोथिंबिरीला मात्र गारवाच मानवतो. ती आधी पेरा. दुधी-कारल्याची रोपं खिडकीत वाढवून जूनमध्ये बाहेर काढा. कढीपत्ता कायम कुंडीत, हिवाळ्यात घरात.

सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत कुठे मुरतं ते जुन्या मालकाला विचारा. तिथे भाजी नको, झाडही नको. आणि कुंपण! हरणं एका रात्रीत वाफा साफ करतात. जाळी आठ फुटी हवी, खर्च होऊ दे. गवतातून आलात की गुडघ्यामागे गोचीड बघा, लाइम नावाचा जंतूंचा आजार तिच्या चाव्यामुळेच होतो. बोअरचं पाणीही तपासून घ्या, काही ठिकाणी आर्सेनिक निघतं.