आधी पोलीस ठाण्यात बस, मग सॉफ्टवेअर उघड

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कालच मिळालं. गुन्हेगारीशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. गणित दहावीनंतर सुटलं, आता आकडेवारीच्या हिशेबासाठी आर हे सॉफ्टवेअर शिकू की एसपीएसएस, असं विचारलं आहेस. आर शिक. ते फुकट आहे आणि आपण काय केलं ते दुसऱ्याला ओळीनं तपासता येतं. पण त्याआधी एक काम कर. रीतसर परवानगी काढून एखाद्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी चार दिवस बस.

हे मला फार उशिरा सुचलं. कित्येक वर्षं मी गुन्ह्यांचे छापील तक्ते तसेच्या तसे वापरत होतो. मग एका संध्याकाळी एका ठाण्यात बसलो असताना एक माणूस घाईघाईनं आला. आठवडी बाजारात खिशातला मोबाईल मारला गेला होता. अंमलदारानं विचारलं, "मारताना पाहिलं का कुणाला?" "नाही." "मग चोरी कशावरून? गर्दीत पडला असेल." आणि मोबाईल गहाळ झाल्याचा दाखला लिहून दिला. त्या माणसाला नवीन सिमकार्डासाठी कागद हवा होता, तो मिळाला, तो गेला. चोर दिसलाच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. तरी त्या दिवशीच्या चोऱ्यांत ही चोरी आली नाही. आणि मी त्याच जिल्ह्याच्या चोऱ्यांचा बेरोजगारीशी संबंध शोधत होतो! मी मोजत होतो त्यात थोड्या चोऱ्या होत्या आणि बरीचशी त्या टेबलाची सवय होती. तो लेख मी छापायला पाठवला नाही.

म्हणून कुठलाही आकडा हातात घेतलास की पहिला प्रश्न हा विचार: हा इथवर पोचला कसा? देशपातळीवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आकडे गोळा करतो. तिथे एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी त्यातल्या सर्वांत गंभीर कलमाखालीच तो गुन्हा मोजला जातो. म्हणजे हुंडाबळीच्या गुन्ह्यात नवऱ्यानं केलेल्या छळाचं कलम लावलेलं असलं, तरी छळाच्या रकान्यात तो दिसणार नाही. बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. एका वर्षात ३५ टक्के वाढ. मधल्या काळात काय झालं? दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देश ढवळून निघाला, कायद्यानं व्याख्या रुंदावली, संमतीचं वय १६ चं १८ झालं, आणि अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली. अत्याचार वाढले, की बोलायचं धाडस आणि लिहून घ्यायची सक्ती वाढली? हा आलेख एकटा ते सांगू शकत नाही. मी तरी या वाढीकडे आधी नोंदीची वाढ म्हणूनच बघतो.

तुझ्या पिढीसाठी आकड्यांत आणखी एक सांधा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या सवयीनं कलम ३०२ वर फिल्टर लावलास तर खून मिळणार नाहीत; नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोललेले शब्द, आणि खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली. ३०४ पूर्वी सदोष मनुष्यवध होता, आता हिसकावून नेणं. संगणक काहीही तक्रार न करता चुकीचा तक्ता काढून देईल. त्यामुळे तारखेचा रकाना आधी, कलमाचा नंतर.

आता गणित. घाबरू नकोस, पहिली पायरी कागदावर होते. एका ठाण्याच्या हद्दीत वर्षाला सरासरी ४ खून होतात असं धर. परिस्थिती अजिबात बदलली नाही, तरी निव्वळ योगायोगानं एखाद्या वर्षी ७ किंवा जास्त खून होण्याची शक्यता साधारण ११ टक्के असते. ही शक्यता ज्या सूत्रानं निघते त्याला पॉयसाँ वितरण म्हणतात. हा हिशेब तू स्वतः करून बघ, अर्धा तास लागेल. जिल्ह्यात अशी ३० ठाणी असतील तर दर वर्षी तीनेक ठाण्यांत हे घडणारच. बातमी येते "खुनांत ७५ टक्के वाढ", साहेबांची बदली होते, नवी गस्त सुरू होते, पुढच्या वर्षी आकडा आपोआप चारपाचावर येतो आणि श्रेय गस्तीला मिळतं. कदाचित गस्तीनं खरंच फरक पडला असेल, पण ते कळायला गस्त न लावलेली तशीच ठाणी शेजारी ठेवावी लागतात. मला विचारशील तर सगळ्या अभ्यासक्रमात हा एकच धडा पक्का झाला तरी पुष्कळ.

तिथून पुढे पॉयसाँ रिग्रेशन, म्हणजे गुन्ह्यांची संख्या कशाकशानं बदलते ते त्याच वितरणावरून काढणं; त्यात लोकसंख्येचा लॉग ऑफसेट म्हणून घाल, म्हणजे लहानमोठ्या हद्दींची तुलना दरानं होते. पॉयसाँमध्ये व्हेरिअन्स, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा, सरासरीइतकाच धरलेला असतो; मोबाईलचोरी किंवा घरफोडीत तो बराच जास्त निघेल, कारण एका घरफोडीमागून त्याच गल्लीत दुसरी होते. तिथे जास्त पसारा चालवून घेणारं निगेटिव्ह बायनॉमियल वितरण वापर. आणि "दर लाख लोकसंख्येमागे" लिहिताना थांब. दादरसारख्या ठिकाणी रोज लाखो लोक येऊन जातात, ते तिथल्या जनगणनेत नसतात. शिवाय लोकलमधली चोरी शहर पोलिसांकडे नोंदत नाहीत, ती लोहमार्ग पोलिसांकडे जाते.

पोलिसांपर्यंत जे येतच नाही त्यासाठी घरोघरच्या पाहणीचा आधार घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितली होती. त्यातही बहुतेकींनी माहेरी. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही पाहणी करते. हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, बाजूला नेऊन, तिसरं कुणी ऐकत नसेल तरच विचारतात. म्हणून त्या भागासाठी वेगळं वेट, म्हणजे प्रत्येक उत्तराला हिशेबात द्यायचा भार, दिलेलं असतं, तेच वापर. त्या एका रकान्यामागे कुणीतरी दार लोटून, आवाज खाली आणून दिलेलं उत्तर असतं. ते चुकीच्या वेटानं गुणलेलं मला बघवत नाही.

दिवाळीनंतर येशील तेव्हा तुझ्या तालुक्याचे दहा वर्षांचे घरफोडीचे आकडे वहीत उतरवून आण. सरासरी आणि व्हेरिअन्स हातानं काढून ठेव. कोणत्या वर्षी ठाण्याची हद्द बदलली, तेही अंमलदाराला विचारून समासात लिही. पुढचं आपण शेजारी बसून करू.

तुझे,
सर