बाबांना पुरावे पटतच नाहीत, काय करू?

"एवढे पुरावे दाखवले तरी बाबा मानत नाहीत. त्यांचं डोकं कुणी फिरवलंय का?" निवडणुकीच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. सिडकोतल्या एका तरुणाने तो विचारला, तेव्हा घरात अबोला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वाद पेटला तो डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीवरून. काकांचा कांदा निफाडला, त्यामुळे मुलाचा संताप खरा होता. वडिलांना मात्र बंदी योग्य वाटत होती. दोघे दिवसभर एकमेकांना बातम्या पाठवायचे आणि आई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायची.

मी त्याला १९७९ चा एक प्रयोग सांगितला. स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक विद्यार्थी निवडले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक बाजूचा, एक विरोधातला. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम वाटला, दुसऱ्यात खोट दिसली. वाचून झाल्यावर आपलं मत आणखी पक्कं झालं, असंच दोन्ही गटांनी सांगितलं.

"म्हणजे बाबांसारखं," तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि तुझ्यासारखंही." त्याला ते आवडलं नाही, पण तो उठून गेला नाही.

१९८४ मध्ये लॉर्ड आणि लेपर यांनी एलिझाबेथ प्रेस्टन यांच्यासोबत पुढचा प्रयोग केला. "निःपक्षपातीपणे वाचा" एवढं सांगून काहीच फरक पडला नाही. "याच अभ्यासाचा निष्कर्ष उलटा असता, तर तुम्ही त्याला असंच तोललं असतं का?" हे स्वतःला विचारायला सांगितल्यावर मात्र फरक पडला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हा प्रश्न घरच्या घरी विचारता येतो. फक्त आधी स्वतःला विचारायचा. बाबांना विचारलात तर तो टोमणाच होतो.

त्याने बातम्या पाठवणं थांबवलं आणि एकदा नुसतं विचारलं, "बाबा, तुम्हाला बंदी का पटली?" वडील पेन्शनवर बोलले, भाजीच्या खर्चावर बोलले. पक्षाचं नाव बऱ्याच उशिरा आलं. मत दोघांचंही बदललेलं नाही. जेवायला मात्र एकत्र बसतात.

घरात मारहाण किंवा धमक्या चालू असतील, तर एवढ्यावर थांबू नका. आधी स्वतःला सुरक्षित करा, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.